स्वतंत्र बँड काढताना घ्यावयाची काळजी

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, अर्थात स्वतंत्र. तेव्हा असा बँड काढायचं ठरलंच असेल, तर आधी बाबांचा मूड बघा. गिटार त्यांच्याच पैशांनी यायची आहे.

मग ड्रमर शोधा. गिटार बडवणारी पोरं कोथरूडात गल्लीला चार सापडतात, ड्रमर सापडत नाही. त्याला वाजवता येतं का, हे विचारू नका. राहतो कुठे ते विचारा. बंगला, मागे रिकामी खोली आणि कमी ऐकू येणारी आजी एवढं असेल तर ताल काय, येतो हळूहळू. बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, मात्र शोधावा लागत नाही. तुमच्यात गिटार ज्याला सगळ्यात कमी येते, तोच.

गाणी इंग्रजीत लिहा, विषय एकाकीपणा. आई दर दहा मिनिटांनी ‘पोहे गार होतायत’ म्हणून दार वाजवत असताना एकाकीपणावर कडवं पाडायचं, याला प्रतिभाच लागते.

थोडा इतिहासही माहीत असू द्या, मुलाखतीत लागतो. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. आधी दुसऱ्यांची गाणी, मग स्वतःची, आणि १९९३मध्ये नाव बदलून इंडस क्रीड. तुम्ही एवढं थांबू नका, पहिलं गाणं बसायच्या आत तीनदा नाव बदला. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव व्हायचा, उघड्या आभाळाखाली. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणून पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन शांत झालं.

म्हणून सरगमच्या आधी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाठ करा. उघड्यावर रात्री दहाला भोंगा बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा गिग हा उत्सव नाही, हे हवालदार तुम्हाला समजावून सांगेल. कार्यक्रम साडेसातचा, साउंडचेक सव्वानऊला संपतो, त्यात आयोजकाच्या मेहुण्याचं एक गाणं. उरलेल्या वेळात क्रांती करा.

मानधन विचारू नका, वाईट दिसतं. ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणतील. टेम्पोवाल्याला तेच देऊन बघा.

मग गाणं स्पॉटिफायवर चढवा. २०२४पासून तिथे असा नियम आहे, की मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. इथे स्वतंत्र कलावंताला नातेवाईक कामी येतात. नाशिकची मावशी रात्री फोनवर गाणं लावून, आवाज बंद करून झोपते. आवाज बंद का, हे तिला विचारू नका.

तिसऱ्या वर्षी ड्रमर ढोल-ताशा पथकात जाईल. नदीपात्रात सराव, पांढरा झब्बा, लक्ष्मी रोडवर दुतर्फा गर्दी. त्याला परत बोलवायला जाल तर तुमच्याच कमरेला ढोल बांधतील. बेसिस्ट हिंजवडीत लागेल आणि बँडमध्ये पहिल्यांदाच कुणाच्या तरी स्वतःच्या खिशात पैसे येतील, पण तेव्हा त्याला वेळ नसेल.

गिटार विकून टाका. ॲम्प्लिफायर मात्र ठेवा, सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या माइकला लागतो. सूट असेल त्या दिवशी बारापर्यंत वाजतो.