लाकडी बैल अन् घरची मारबत

खरा बैल सांभाळणं सोपं असतं. तो स्वतःच्या पायांनी चालतो, तहान लागली की हौदाकडे बघतो आणि त्याचं मागचं चाक ऐन मिरवणुकीत निखळत नाही. लाकडाच्या बैलाचं तसं नाही. त्याला उचलून न्यावं लागतं, उचलून आणावं लागतं, आणि मालक पहिली-दुसरीतला असल्यामुळे अधूनमधून मालकालाही उचलावं लागतं.

आमच्या घरची बैलांची शेवटची जोडी विकून ट्रॅक्टर आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता पोळ्याची कामं निम्मी झाली. बैल धुणं नाही, शिंगं रंगवणं नाही, शेणाच्या पाट्या नाहीत. मग लेकरं झाली. आज गोठ्यात ट्रॅक्टर असतो आणि माजघरात तीन नंदी. थोरल्याचा नंदी सागवानी, आबाजींनी गावच्या सुतारापुढे स्वतः ठाण मांडून घडवून घेतलेला, पायावर पडला तर पाय सुजेल असा. धाकटीचा वर्ध्याच्या बाजारातला, चकचकीत, आणि त्याचे डोळे असे काढलेत की तो सदैव काहीतरी ऐकून दचकलेला दिसतो. तिसरा जाऊबाईंच्या लेकाचा. त्याला एक कान नाही. तो कान कोणी मोडला, हा विषय काढायला आमच्या घरात बंदी आहे.

विदर्भाबाहेरच्या लोकांना हे समजावताना जीव जातो. माझी एक मावसबहीण पुण्याकडे दिली आहे. तिला वाटतं पोळा एक दिवसाचा. अगं बाई, श्रावणातल्या अमावस्येला होतो तो मोठ्यांचा पोळा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, लेकरांचा तान्हा पोळा. ही नागपूरकर भोसल्यांच्या काळातली रीत म्हणतात. राजेसाहेबांनी पोरांच्या हाती लाकडाचे बैल दिले आणि ते निभवायचं काम आयांकडे दिलं. आमच्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर माणसाहून उंच नंदी निघतात. थोरल्याने ते एकदा पाहिलेत. तेव्हापासून तो आपल्या नंदीकडे कमीपणाच्या नजरेने बघतो.

यंदा सुरुवात खांदमळणीपासूनच झाली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्याला आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आता खांदे शेकायला घरी बैल नाहीत, म्हणून आबाजी उदास होऊन ओट्यावर बसले होते. ते बघून थोरल्याने आपला सागवानी नंदी त्यांच्यापुढे आणून ठेवला. आबाजींचा चेहरा असा खुलला की कोणाच्याने नाही म्हणवेना. घरचं लोणकढं तूप आलं, हळद आली, आणि तिन्ही नंद्यांचे खांदे रीतसर शेकले गेले. आवतन दिलं. पुतण्याने तर मोडक्या कानात दिलं, ऐकू जावं म्हणून.

रात्री घरातल्या सगळ्या मुंग्यांनी ते आवतन स्वीकारलं.

सकाळी तिन्ही नंदी काळे दिसत होते आणि ते काळेपण हलत होतं. पुतण्याने जो सूर लावला तो गावाच्या पारापर्यंत गेला. शेजारच्या काकू धावत आल्या, "काहून रडून राहिला वो पोरगा? पडला का?" मी म्हटलं, बैलाला मुंग्या लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या.

मोठा पोळा मी इथे उरकूनच टाकते, कारण त्या दिवशी आम्ही बायका फक्त पुरणातच असतो. डाळ शिजव, वाट, पोळ्या लाट, वडे तळ, कढीला उकळी येऊ देऊ नको. यंदा फक्त एक गोष्ट सांगण्यासारखी झाली. गावात आता बैलजोड्या मोजक्या राहिल्यात आणि निवद दाखवणारी घरं मात्र पहिल्याइतकीच आहेत. त्यामुळे पोळा फुटला, म्हणजे तोरणाखालून बैल सुटले, की तेच बैल दारोदारी पुरणपोळी खात हिंडतात. गेल्या वर्षी त्यातला एक फुगला आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. कडबा पचवणाऱ्या पोटाला एवढं पीठ-गूळ झेपत नाही. म्हणून यंदा बैलवाले भाऊ हातात टोपलं घेऊनच फिरत होते. "घास फक्त ओठाले लावा वहिनी, पोळी टोपल्यात टाका." बैल ओवाळून घेत होता, पोळ्या भाऊंच्या घरी चालल्या होत्या, आणि बैलाच्या तोंडावर जो भाव होता तो मी सासरी पहिल्या वर्षी पंगतीत वाढताना आरशात पाहिला आहे.

खरी परीक्षा पाडव्याची. त्या दिवशी आमच्या कपाशीवर हमखास तुडतुडे येतात. वर्षभर येवोत न येवोत, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी येतातच, आणि माझ्या नवऱ्याला तातडीने फवारणीला जावं लागतं. गडीमाणसं सणाची सुटी घेऊन घरी, हा एकटा पंप घेऊन वावरात. "तुडतुडे सण पाहतात का?" असं तो विचारतो. माझ्या मते पाहतात.

तर घरात मी, जाऊबाई, सासूबाई, आबाजी, तीन लेकरं, तीन नंदी. दुपारी मारुतीच्या देवळापुढे लेकरांचा पोळा भरणार आणि वेशभूषा स्पर्धा होणार. स्पर्धेचं सांगते. आमच्याकडे दरवर्षी निम्मी पोरं गाडगेबाबा होतात. बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, घरचेच. शिवाय आयांना सोयीचे. फाटका सदरा प्रत्येक घरात असतो, खराटा असतो, डोक्यावर उपडं घालायला खापर मिळतं. ना इस्त्री, ना भाड्याचा पोशाख. थोरला आणि पुतण्या दोघेही गाडगेबाबा ठरले होते. धाकटीसाठी मी भारतमातेचा बेत केला होता. साडी काढली, पुठ्ठ्याचा मुकुट केला, बेगड लावली. ती मुकुटाकडे बघत शांतपणे म्हणाली, "मले मारबत बनाचं हाये."

सासूबाईंच्या हातातलं सुपारीचं खांड खाली पडलं.

दोष मोबाईलचा. नागपूरला पाडव्याला मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. बांबू-कागदाचे हे भले थोरले पुतळे, सोबत बडगे, म्हणजे तसलेच पुरुषांचे पुतळे, आणि गल्लोगल्ली एकच आरोळी, घेऊन जा गे मारबत! गावची सगळी इडा-पिडा तिच्या माथी मारायची आणि शेवटी तिला जाळून टाकायचं. धाकटीने हे काकाच्या मोबाईलवर पाहिलं होतं आणि तिला एवढंच कळलं होतं, की हजारो माणसं एका बाईच्या मागे ओरडत पळताहेत आणि बाई कोणालाच भीत नाही.

त्यात आमच्याकडे त्या सकाळी मेढे काढतात. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पोरं पहाटेच गोळा करतात आणि गावाच्या शिवेबाहेर फेकून येतात. धाकटी त्यांच्यात गेली होती. मोठी पोरं ओरडत होती, "ढेकूण, मोंगसे, खोकला घेऊन जा गे मारबत!" थोरल्याने त्यात "सतराचा पाढा" घातला. ती घरी आली ती ठरवूनच.

"अवो माय! सणासुदीच्या दिवशी पोरीले मारबत बनवता का?" सासूबाई म्हणाल्या. "लक्ष्मी बनव, जिजामाता बनव."

"मारबत," धाकटी म्हणाली.

"तुले जाळतात मंग," थोरला म्हणाला.

"पहिले मिरवतात," धाकटी म्हणाली.

आबाजी इतका वेळ सुताराच्या भूमिकेत होते, एक चाक ठोकत. ते मान वर न करता बोलले, "बनू द्या तिले. गावाची पिडा नेणारं कोणी तरी पाह्यजेच. सरपंच तं नेत नाही."

निकाल लागला. सासूबाईंचंच जुनं काळं लुगडं फाडावं लागलं, तेही त्यांनी "माझा काही संबंध नाही" म्हणत स्वतःच्या हाताने काढून दिलं. तोंडाला काजळ फासलं. लाल कागदाची जीभ केली. लाटणं कमरेला खोचलं, ते का, ते मला अजून माहीत नाही. नंद्यांचंही नटणं बाकी होतं. थोरल्याच्या नंदीला माझ्या पैठणी ब्लाऊजच्या उरल्या कापडाची झूल, शिंगांना बेगड, कपाळाला मठाटी, गळ्यात घुंगरांची माळ. मुंग्या पुरत्या गेल्या नव्हत्या, पण त्या आता झुलीखाली होत्या.

"पोळा अन् पाऊस झाला भोळा" असं आमच्याकडे म्हणतात. पोळ्यानंतर पाऊस नरमतो, असा त्याचा भावार्थ. पावसाला हे कोणी कळवलेलं नसावं. आम्ही देवळाशी पोचलो आणि तो असा कोसळला की मैदानात नंद्यांची रांग राहिली, मालक देवळाच्या ओसरीत. बाजारातल्या रंगाचा भरवसा काय तो तेव्हा कळला. धाकटीचा दचकलेला नंदी धुऊन पांढरा झाला, डोळे ओघळून गालावर आले. तिचं काजळही ओघळलं. पण नंदी बिचारा दिसायला लागला आणि ती खरोखर भयंकर दिसायला लागली.

पाऊस थांबल्यावर तोरणाखाली सगळे उभे राहिले. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची कवनं, सुरू झाल्या. थोरल्याने आबाजींनी शिकवलेली झडती ठसक्यात सुरू केली, मधेच अडला, डोळे मिटले, आणि मधला सगळा मजकूर गाळून थेट "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" वर आला. टाळ्या पडल्या. शेवट चांगला पाहिजे, मधलं कोण ऐकतं. वेशभूषेत गाडगेबाबाच इतके झाले की परीक्षक गुरुजींनी त्यांना एका रांगेत बसवलं. बाबांनी आयुष्यभर खराट्याने गावं झाडली. या बाबांनी त्याच खराट्यांनी एकमेकांची खापरं फोडली. आमच्या पुतण्याचं खापर पहिल्या फेरीतच गेलं. बक्षीस एका पाच वर्षांच्या ट्रॅक्टरला मिळालं, पुठ्ठ्याचा, बॅटरीवर दिवा लागणारा. आबाजी ते बघून म्हणाले, "पोळ्याचं बक्षीस ट्रॅक्टरले!" आणि बराच वेळ हसले.

मग बोजारा. तोरण तुटलं की लेकरं नंदी घेऊन घरोघर जातात, लोक नंदीला ओवाळतात आणि हातावर पैसे ठेवतात. सागवानी नंदी थोरल्याने तिसऱ्या घरापर्यंत ओढला, पुढे मी. एका हाताने दोरी, दुसऱ्या हातात एककान्या नंदी, काखेत पुतण्याची चप्पल. गाडगेबाबांच्या हातावर दहा-दहा रुपये पडत होते. काही घरी नुसती चॉकलेटं.

धाकटीचा मामला वेगळा निघाला. पहिल्या दारात ती उभी राहिली आणि मागच्या पोरांनी सवयीने आरोळी ठोकली, घेऊन जा गे मारबत! घरातली म्हातारी हसत बाहेर आली. "नेतं का माय? आमच्या बुढ्याचा खोकला नेजो बरं." आणि वीस रुपये दिले. पुढच्या घरी सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक न्यायला सांगितला, पन्नास. एका वहिनींनी सासू आत गेल्यावर हळूच तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शंभराची नोट दिली. एका घरी बँकेचं पीककर्ज न्यायची विनंती झाली. तिथे पैसे नव्हते, पण चहा झाला. धाकटी प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घेई आणि "हो" म्हणे. तिच्या नंदीकडे कोणी पाहिलंही नाही. गल्ली संपेपर्यंत तिच्यामागे गाडगेबाबांचा अख्खा जथा लागला होता.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. नवरा वावरातून परतला होता, तुडतुडे आटोक्यात आल्याचं त्याने सांगितलं. सासूबाई आमच्याकडे पाठ करून वाती वळत होत्या. तशाच, मान न वळवता, त्या मला म्हणाल्या, "माझे गुडघेही घेऊन जा म्हणावं तिले." आणि कनवटीतून दहाची नोट काढून माझ्याकडे सरकवली.

मग ओट्यावर बोजाऱ्याची मोजणी. गाडगेबाबांचे दोघांचे मिळून जेवढे झाले, त्याच्या तिप्पट मारबतीचे. थोरल्याने हिशोब केला, पुन्हा केला, आणि समजुतीच्या सुरात तिच्याजवळ सरकला. आरोळ्या आम्हीच मारल्या होत्या, आमच्यामुळेच तुले पैसे भेटले, तं निम्मे आमचे. पुतण्यानेही मान डोलावली. आबाजींनी न्याय करावा म्हणून दोघेही त्यांच्याकडे बघायला लागले.

धाकटीने सगळ्या नोटा काळ्या लुगड्याच्या ओच्यात बांधल्या, गाठ दोनदा आवळली आणि लाटणं सरळ केलं.

"मारबत नेते," ती म्हणाली. "वापस नाही देत."