थ्रॉटलच्या तीन वायरी आणि ‘काही होत नाही, जोडून बघा’वाला सल्ला

एक मेसेज सध्या जाम फिरतोय. ई-बाइकला थ्रॉटल (पिळून वेग द्यायची हँडलवरची ग्रिप) बसवणं म्हणे तीन वायरींचं काम: रंगाला रंग जोडा, चुकलं तरी 5 व्होल्टच आहे, काही जळत नाही. मोटर फिरेना तर लाल वायर सिग्नलच्या वायरला (ग्रिप किती पिळली ते सांगणारी) टेकवून बघा, कुठलंही थ्रॉटल चालतं, आणि एखादी वायर सुटलीच तर कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा डबा, आपोआप बंद होतो. लाइक्स भरपूर मिळालेत, म्हणूनच लिहितोय.

रंगांचं आधी. लाल पॉझिटिव्ह, काळी ग्राउंड (मायनस) हे बऱ्याचदा जुळतं, मान्य. सिग्नल मात्र कुठे हिरवी, कुठे पांढरी, कुठे निळी. खरा घोळ चार्ज दाखवणाऱ्या किंवा किल्लीवाल्या थ्रॉटलमधे होतो, कारण त्याच केबलमधून बॅटरीचं पूर्ण व्होल्टेजही येतं, 48 व्होल्टचा लिथियम पॅक फुल असेल तर 54 च्या आसपास, आणि ती वायरही कधीकधी लालच निघते! ती चुकून थ्रॉटलमधल्या सेन्सरला गेली की सेन्सर संपला, सोबत कंट्रोलरही जाऊ शकतो.

बरं, नुसते 5 व्होल्ट असले तरी? तुम्हाला झटका बसणार नाही एवढंच. ग्रिपमधला हॉल सेन्सर (चुंबकावरून ग्रिप किती पिळली ते ओळखणारा) इवलासा असतो, प्लस-मायनस उलटं झालं की स्वस्तातला सेन्सर सरळ मरतो. शिवाय बऱ्याच कंट्रोलरमधे मोटरच्या हॉल सेन्सरनाही तोच 5 व्होल्टचा सप्लाय असतो, त्यामुळे शॉर्ट थ्रॉटलमधे आणि अडखळते मोटर, मग लोक मोटर उघडून बसतात.

लाल-सिग्नल टेकवणं म्हणजे फुल थ्रॉटल देणं. चाक जमिनीवर असेल तर गाडी पळाली. काही कंट्रोलर उलट एवढं व्होल्टेज फॉल्ट धरतात आणि गप्प बसतात, की तुम्ही म्हणणार कंट्रोलर गेला. मल्टीमीटर घ्या ना राव. थ्रॉटल काढून ठेवा, चाक उचला, किल्ली ऑन करा, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला लावून एकेक वायर मोजा. 5 च्या जवळपास दाखवते ती सप्लायची, बॅटरीएवढं दाखवते तिला हात लावू नका. मग थ्रॉटलला फक्त सप्लाय आणि ग्राउंड जोडून त्याचा सिग्नल मोजा, ग्रिप सोडलेली असताना साधारण 0.8 आणि पूर्ण पिळल्यावर 3.6 ते 4.2 मिळाले की मगच तिसरी वायर जोडायची.

‘कुठलंही थ्रॉटल चालतं’ यावर एकच: पोटेन्शिओमीटरवालं (हॉल सेन्सरऐवजी फिरवून बदलणारा रेझिस्टर असलेलं) 0 पासून सुरू होतं, हॉलवालं होत नाही, आणि काही कंट्रोलर 0 दिसलं की वायर तुटली असं समजतात.

आता आपोआप बंद होण्याचं, जे मला सगळ्यात जास्त खटकलं. सिग्नलची वायर तुटली तर बहुतेक वेळा मोटर थांबते, तेवढं ठीक. पण ग्राउंड तुटली तर? पोटेन्शिओमीटरमधे सिग्नल सरळ 5 व्होल्टकडे जातो, हॉलमधेही वर चढू शकतो, म्हणजे ग्रिप सोडलेली आणि गाडी फुल स्पीडला. ज्या प्रोटेक्शनच्या भरवशावर हे सांगतायत ते बऱ्याच कंट्रोलरमधे फक्त किल्ली ऑन करताना थ्रॉटल पिळलेलं आहे का ते बघतं, चालत्या गाडीत त्याचा उपयोग नाही. आणि ग्राउंड तुटते कुठे, तर हँडल वळतं तिथेच, पिळून टेप मारलेल्या जॉइंटला. तिथे नीट कनेक्टर लावा, वायरीला थोडी ढील ठेवा, आणि चाक वर असताना एक हात किल्लीवर ठेवून ग्राउंड मुद्दाम काढून बघा तुमचा कंट्रोलर काय करतो ते.

ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ स्विच लावाच. फक्त त्याची ग्राउंड थ्रॉटलच्याच जॉइंटवरून घेऊ नका, वेगळी न्या. बऱ्याच कंट्रोलरमधे तो स्विच ब्रेकची वायर ग्राउंडला टेकवूनच मोटर बंद करतो, म्हणजे जॉइंट सुटला की थ्रॉटल फुल आणि त्याच क्षणी कट-ऑफही बाद.