दूध, सफरचंदं आणि स्नोबॉल

नमस्कार. तुमची तक्रार अशी, की ‘अ‍ॅनिमल फार्म’ या जॉर्ज ऑरवेलच्या कादंबरीबद्दल लिहिताना मी पाच बादल्या दुधावर नको तेवढी शाई घालवली. शेतमालक जोन्सला हाकलून प्राण्यांनी केलेली क्रांती खरी बिघडली ती नेपोलियन या डुकराच्या कुत्र्यांनी त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉलला हाकललं तेव्हा. शिवाय पुस्तकाचा एकूण सूर ‘जोन्सच बरा होता’ असा आहे.

आधी स्नोबॉल. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहतो, दुधाचं नंतर बघू म्हणतो आणि सगळ्यांना गवत कापायला पिटाळतो. संध्याकाळी दूध गायब. पुढच्या प्रकरणात कळतं, ते रोज डुकरांच्या आंबोणात जातंय. मग झाडाखाली पडलेली सफरचंदंही त्यांनाच! एरवी हरेक ठरावावर भांडणारे नेपोलियन आणि स्नोबॉल इथे मात्र एक. कुत्री येतात ती थेट पाचव्या प्रकरणात. स्नोबॉल टिकला असता तर त्याने आखलेली पवनचक्की कदाचित लवकर झाली असती. सफरचंदं मात्र डुकरांकडेच गेली असती.

हे माझ्या पदरचं नाही. डिसेंबर १९४६मध्ये अमेरिकन लेखक-संपादक ड्वाइट मॅक्डोनल्डना लिहिलेल्या पत्रात ऑरवेलनेच दूध-सफरचंदांना कथेचं वळण म्हटलंय आणि कंसात क्रोनश्टाट या रशियन नौदल तळाचं नाव घेतलंय. १९२१ साली तिथल्या बंडखोर खलाशांवर बोल्शेविक सरकारचं लाल सैन्य घातलं गेलं, तेव्हा युद्धखातं ट्रॉट्स्कीकडे होतं, आणि स्नोबॉल बेतलाय तो ट्रॉट्स्कीवरच. म्हणजे आपल्या स्नोबॉलकडेच.

‘जोन्सच बरा’ म्हणाल, तर पुस्तकात ‘जोन्स परत येईल’ अशी भीती घालतो तो डुकरांचा प्रवक्ता स्क्वीलर. ही भीती म्हणजे डुकरांचा हुकमी एक्का आहे. शेवटी डुक्कर कोण, माणूस कोण ओळखू येत नाही. जोन्स बरा असता तर या प्रसंगात बोचण्यासारखं काय उरलं असतं? त्याच पत्रात ऑरवेल म्हणतो, की लोक सावध असतील आणि काम झाल्यावर पुढाऱ्यांना हटवू शकतील, तरच क्रांतीतून मोठा बदल होतो.

बाकीचे प्राणी फार मठ्ठ रंगवलेत, हा तुमचा आक्षेप मात्र बऱ्याच अंशी पटला. बॉक्सर हा घोडा मुळाक्षरं शिकताना ‘डी’च्या पुढे सरकत नाही, आणि मेंढ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण सातव्या प्रकरणातल्या कोंबड्या विसरू नका. आठवड्याला ४०० अंडी विकायचा करार होतो, तेव्हा त्या आढ्यावर उडून बसतात आणि अंडी तिथून खाली घालतात, फुटावीत म्हणूनच. नेपोलियन त्यांचा दाणा तोडतो. पाच दिवसांनी त्या नमतात. तोवर नऊ मेलेल्या असतात, आणि त्या रोगाने गेल्या असं जाहीर होतं.