आर्त्वाचा वारसा माओने बळकावला नव्हता

मध्ययुगीन फ्रान्समधील आर्त्वा परगण्याविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात फिरत असून माझ्या पुतणीने तो इतिहासाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. सॅलिक कायद्याने स्त्रियांना वारसा नाकारलेला असताना आर्त्वाची काउंटेस माओ हिने आपल्या भाच्याचा, तिसऱ्या रोबेरचा, हक्क हिरावला, फ्रान्सचा राजा दहावा लुई याला विष घातले आणि त्यातूनच फ्रान्स-इंग्लंडमधील शंभर वर्षांचे युद्ध पेटले, असे त्यात म्हटले आहे.

पहिला मुद्दा कालक्रमावरच कोसळतो. माओला आर्त्वा मिळाला 1302 मध्ये. फ्रान्सच्या राजमुकुटावरून दहाव्या लुईच्या मुलीला डावलण्याचा प्रसंग आला 1316 मध्ये, आणि सॅलिक कायद्याचा आधार त्याला पुढे कित्येक दशकांनी जोडला गेला. शिवाय आर्त्वा राजघराण्याकडे आला तोच एका स्त्रीकडून, फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट याची राणी इझाबेल हिच्या हुंड्यातून.

सर्वांत घातक आहे तो हक्क हिरावल्याचा आरोप. माओचा पिता दुसरा रोबेर 1302 मध्ये कूर्त्रेच्या लढाईत पडला, तेव्हा त्याचा मुलगा, म्हणजे तिसऱ्या रोबेरचा बाप, फिलिप आधीच, 1298 मध्ये, वारला होता. मृत मुलाच्या जागी नातू उभा राहतो ही आपल्याकडची सवयीची समजूत. आर्त्वाच्या रूढीत मात्र असे प्रतिनिधित्व नव्हते आणि हयात मुलगी नातवापेक्षा जवळची ठरे. याच रूढीवर 1309 मध्ये निकाल माओच्या बाजूने लागला आणि 1318 मध्ये तोच कायम राहिला. माओ 1329 मध्ये वारल्यावर तिसऱ्या रोबेरने पुन्हा दावा लावला, पण त्याने पुढे केलेली पत्रे बनावट निघाली, ती तयार करणाऱ्या झान द दिव्हियों हिला 1331 मध्ये जाळण्यात आले आणि 1332 मध्ये तो स्वतः हद्दपार झाला. ज्याला पुराव्यासाठी खोटे दस्तऐवज लागले, त्यालाच लुबाडला गेलेला वारस म्हणून मिरवणे मला संतापजनक वाटते. परगणा माओनंतर तिची मुलगी आणि मग नात यांच्याकडे गेला.

विषाच्या आरोपातून माओ 1317 मध्येच निर्दोष सुटली होती.

युद्धाबाबत थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते: रोबेर इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयाला गेला, आणि 1337 मध्ये फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने इंग्लंडच्या राजाकडचा नैऋत्य फ्रान्समधील गियेन प्रांत जप्त करताना त्या आश्रयाचे कारण दिले. परंतु गियेनवरील तंटा रोबेरच्या जन्मापूर्वीपासून चालत आला होता, आणि फ्रान्सच्या मुकुटावरील एडवर्डचा दावा आर्त्वातून नव्हे, तर त्याची आई इझाबेला हिच्या नात्यातून आला होता.