काँक्रीटच्या गाडीत पाणी मारू नका राव
काँक्रीटमध्ये मिसळायच्या केमिकलवरच्या, म्हणजे ॲडमिक्श्चरवरच्या, लेखात म्हटलंय की ते टाकलं की पाणी कमी लागतं आणि काँक्रीट सहज ओतता येतं, ते बरोबरच आहे, पण उन्हाळ्यात साइटवर खरी बोंब असते ती स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, टिकण्याची. प्लँटवरून १६० मिमी स्लम्प घेऊन निघालेली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की पोचेपर्यंत माल घट्ट, मग पंपवाला ओरडतो आणि कोणीतरी गुपचूप ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो, म्हणजे सुपरप्लास्टिसायझरने (पाणी कमी करणारं ॲडमिक्श्चर) वाचवलेलं पाणी परत आत, स्ट्रेंथ गेली. त्यापेक्षा रिटार्डरवालं (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं) ॲडमिक्श्चर घ्या नाहीतर क्यूसीवाल्याला (क्वालिटी बघणाऱ्याला) विचारून सुपरप्लास्टिसायझरचा थोडा डोस परत देऊन ड्रम नीट फिरवा. पण डोस देताना हात सैल सोडला तरी वांधे, खडी खाली बसते, वर पाणी सुटतं, आणि रिटार्डर जास्त पडला तर दुसऱ्या दिवशीही काँक्रीट ओलंच. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात एरवी सुपरप्लास्टिसायझरला सिमेंटच्या (फ्लायॲश वगैरे धरून) वजनाच्या २ टक्के आणि रिटार्डरला ०.५ टक्के मर्यादा आहे, ती किती जण बघतात देव जाणे. अजून एक, क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेली वाळू) माती असेल तर पीसीईवालं (सुपरप्लास्टिसायझरचाच एक प्रकार) केमिकल ती मातीच पिऊन टाकते, मग डोस वाढवत बसा. सिमेंट किंवा वाळू बदलली की मिश्रणाची ट्रायल परत घ्यायची हे लेखात यायलाच हवं होतं.