‘चांगलं ॲप टिकतंच’ हे अर्धसत्य आहे

सध्या फिरणारा दावा असा: “ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फीचर आयतं आलं म्हणून ॲप मरत नाही. मैदान सगळ्यांना सारखंच असतं, नको असेल तर बदलता येतं, आणि फायदा वापरणाऱ्याचाच होतो.”

मैदान सारखंच? खरी गोम इथेच आहे. रात्री स्क्रीनचा निळा प्रकाश कमी करणारं एफ.लक्स संगणकांवर २००९ पासून होतं. आयओएसवर, म्हणजे आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, मात्र ॲपला आपल्या चौकटीबाहेर हात घालता येत नाही, आणि पूर्ण स्क्रीनचा रंग बदलणारा एपीआय (ॲपला सिस्टिमकडून काम करून घेण्याचा अधिकृत मार्ग) बाहेरच्यांसाठी खुलाच नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एफ.लक्सने ॲप स्टोअर टाळून, एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनातून आयफोनवर चढवायची आवृत्ती काढली. ॲपलने हरकत घेतल्यावर ती मागे घ्यावी लागली. मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ बरोबर तेच काम करणारं ॲपलचं नाइट शिफ्ट आलं. एफ.लक्स आयफोनवर हरलं नाही, त्याला उतरूच दिलं नाही.

एनएफसीचंही, म्हणजे फोन जवळ नेऊन व्यवहार करू देणाऱ्या चिपचंही, तसंच. आयफोन ६ पासून, म्हणजे २०१४ पासून, ही चिप फोनमध्ये आहे. पण दुकानात टॅप करून पैसे द्यायला ती वर्षानुवर्षं फक्त ॲपलच्या स्वतःच्या ‘ॲपल पे’ सेवेच्या वाट्याला. युरोपियन आयोगाने जुलै २०२४ मध्ये ॲपलकडून १० वर्षांची बंधनकारक हमी घेतली, तेव्हा तिथल्या इतर वॉलेटना दार उघडलं.

‘नको तर बदला’? आधी तशी सोय हवी ना! आयफोनवर डीफॉल्ट ब्राउझर आणि मेल ॲप बदलता येऊ लागलं ते २०२० मध्ये, आयओएस १४ पासून. आणि नुसती सोयही पुरत नाही. २००४ च्या युरोपियन आदेशानंतर मायक्रोसॉफ्टने मीडिया प्लेयर वगळलेली विंडोजची ‘एन’ आवृत्ती काढली, पण किंमत तीच ठेवली. तेवढ्याच पैशांत कमी माल कोण घेईल?

वापरणाऱ्याचा फायदा होतो, हे मात्र पुष्कळदा खरं आहे. टॉर्च सिस्टिममध्ये आला हे उत्तमच झालं: एक लोकप्रिय टॉर्च ॲप लोकांचं लोकेशन जाहिरात कंपन्यांना देत होतं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली.

दार खुलं असेल तिथे चांगलं ॲप टिकतं, हेही मान्य. विंडोजमध्ये २०१८ पासून विंडोज + व्ही दाबलं की क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींचा, इतिहास दिसतो. पण त्यात २५ नोंदी, प्रत्येकी ४ एमबीपर्यंत, आणि पिन न केलेल्या नोंदी रीस्टार्टला पुसल्या जातात. डिट्टो हे बाहेरचं ॲप मात्र अशा नोंदी आपल्या डेटाबेसमध्ये साठवतं आणि महिन्यापूर्वीची ओळही शोधून देतं. ते जमतं, कारण क्लिपबोर्ड वाचायचा एपीआय विंडोजने कुणापासूनच राखून ठेवलेला नाही.