इरेने मला डॉम शिकवला

नोकरीला लागले तेव्हा टीममधले सीनिअर म्हणायचे, "फ्रंट-एंड काय, रंगरंगोटीच ती." फ्रंट-एंड म्हणजे वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग. आणि ती रंगरंगोटी आम्हा मुलींच्या वाट्याला यायची. मी गप्प बसायचे, कारण माझं काम खोल आहे हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. ते सांगायला शिकवलं नायजेरियाच्या इरे आदेरिनोकुनने.

'नियोपेट्स' या ऑनलाइन खेळात आपलं पान सजवायला थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, लागायचं. शाळकरी वयातली इरे तिथे पहिल्यांदा कोड शिकली. पुढे ब्रिस्टल विद्यापीठात मानसशास्त्र शिकली, नंतर कायदा. वेबचं काम मात्र स्वतःच शिकली.

'नायजेरियातली पहिली महिला गूगल डेव्हलपर एक्स्पर्ट' अशी तिची ओळख करून देतात, म्हणजे गूगलने तज्ज्ञ म्हणून मान दिलेली. मान मोठाच आहे. पण 'पहिली' म्हटलं की टाळ्या पडतात आणि तिने केलं काय, हे विचारायचं राहून जातं.

ती शिकत गेली तसं 'बिट्सऑफकोड' या आपल्या ब्लॉगवर लिहीत गेली. डॉम म्हणजे नेमकं काय, यावरचा तिचा लेख मी किती वेळा वाचलाय! आपण लिहिलेलं एचटीएमएल म्हणजेच डॉम, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. तसं नसतं. ते एचटीएमएल वाचून ब्राउझर पानाची जी रचना स्वतःच्या आत उभी करतो, ती डॉम. तुम्ही हेड टॅग, म्हणजे पानाबद्दलची माहिती ठेवणारा भाग, लिहायला विसरलात तरी ब्राउझर तो डॉममध्ये स्वतःच घालतो. 'डिस्प्ले नन' म्हणून लपवलेला घटक डॉममध्ये असतो, पडद्यावर नसतो. आणि पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या 'आफ्टर'ने आणलेला मजकूर पडद्यावर दिसतो, पण डॉममध्ये नसतो! असल्याच एका 'आफ्टर'ला, डॉममधलेच घटक हाताळणाऱ्या जावास्क्रिप्टने पकडायच्या नादात माझी अख्खी दुपार गेली होती.

कुठलं सीएसएस कुठल्या ब्राउझरमध्ये चालतं, त्याचा तक्ता लोक स्क्रीनशॉट काढून लेखात चिकटवायचे. काही महिन्यांत तो शिळा व्हायचा. इरेने हीच माहिती ठेवणाऱ्या 'कॅन आय यूज' साइटची ताजी माहिती थेट लेखात दाखवणारं साधन बनवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

ऑक्टोबर 2020 मध्ये नायजेरियात पोलिसांच्या दरोडेविरोधी 'सार्स' पथकाच्या अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. इरे 'फेमिनिस्ट कोअलिशन' या बायकांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक. या बायकांनी आंदोलकांच्या जेवणासाठी, औषधोपचारांसाठी, वकिलांसाठी पैसा उभा केला. बँकेचा रस्ता बंद झाला तेव्हा बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. 14 कोटी नायरांहून जास्त रक्कम जमली आणि कुठे किती खर्च झाला, याचा हिशेब त्यांनी लोकांसमोर मांडला. वेबवर पैसा घेणं आणि हिशेब उघडा ठेवणं याला कुणी रंगरंगोटी म्हणून दाखवावं!

नायजेरियातल्या मुलींना ऑनलाइन कोर्स करता यावेत म्हणून इरेने शिष्यवृत्तीही सुरू केली.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिला डॉमचा तो लेख पाठवला. संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये दिसतं तेसुद्धा निव्वळ डॉम नाही?" खुर्ची ओढली आणि तिला शेजारी बसवलं.